खरेदीपूर्वीची पाहणी

बँकेच्या व्यवहारातील 'पाहणी' हा शब्द मला नेहमीच फार प्रामाणिक वाटत आला आहे. कर्जदार अर्ज करतो, कागदपत्रे जोडतो, यंत्राचे कोटेशन देतो, आणि तरीही अधिकाऱ्याला खुर्चीतून उठून त्याच्या शेडपर्यंत जावे लागते. यंत्र जेथे बसणार ती जागा, विजेची जोडणी, दाराची रुंदी, छपराची उंची, सारे डोळ्यांनी पाहावे लागते. माझ्या सेवेची बरीच वर्षे सांगली, मिरज आणि इचलकरंजी या टापूतील शाखांत गेली. यंत्रमागासाठी कर्ज मागणाऱ्याच्या शेडमध्ये उभे राहून "चार माग बसतील हो, पण माणूस हिंडणार कोठून?" असे मी कितीदा विचारले असेल याची गणती नाही. निवृत्तीनंतर हाच प्रश्न स्वतःच्या दिवाणखान्यात उभा राहील, असे मात्र वाटले नव्हते. तो उभा केला मोबाइलमधील एका नवलाईने.

गेल्या दिवाळीत आमची मुलगी अमेरिकेहून महिनाभरासाठी आली होती. सांगलीतील आमचे घर जुने आहे. हॉल अकरा फूट बाय चौदा फूट, खाली नक्षीची जुनी फरशी, आणि मधोमध वडिलांच्या वेळचा सागवानी झोपाळा. पाहुणे आले की कोणी झोपाळ्यावर, कोणी सतरंजीवर, कोणी आतून आणलेल्या खुर्चीवर. मुलीच्या मते येथे एक चांगला सोफा हवा होता. तिने फोन समोर धरला, खोलीभर सावकाश फिरवला, पडद्यावर बोट टेकवले, आणि आमच्या हॉलमध्ये राखाडी रंगाचा, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा सोफा येऊन बसला. त्याची सावली फरशीवर पडली होती. मुलगी एक पाऊल पुढे गेली की सोफा मोठा होई, वळून बाजूला गेली की त्याची दुसरी बाजू दिसे. आमच्या सौ. पडद्याकडे पाहता पाहता नकळत एक पाऊल बाजूला सरकल्या. नसलेल्या सोफ्याला वाट करून देण्यासाठी!

या तंत्राला 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' म्हणतात. मराठीत 'संवर्धित वास्तव' असा शब्द रूढ होत आहे. असलेल्या दृश्यात नसलेल्या वस्तूची भर घालणे, हा त्याचा सरळ अर्थ. कल्पना आजची नाही. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या संशोधकाने डोक्याला लावून पाहण्याचे एक यंत्र तयार केले. ते इतके जड होते की छताला टांगूनच वापरावे लागे. पुढे १९९०च्या सुमारास बोइंग या विमान कंपनीत टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी निराळाच विचार केला. विमानात तारांचे प्रचंड जुडगे असतात. ते बांधण्यासाठी कामगारांपुढे मोठमोठे फळे उभे करून त्यांवर प्रत्येक तारेची वाट आखावी लागे. ही वाट कामगाराच्या डोळ्यांपुढेच उमटली तर फळे बदलण्याचा खटाटोप वाचेल, असा त्यांचा हेतू होता. आजचे हे नाव त्याच कामातून पुढे आले. ज्या युक्तीचा जन्म कामगाराची चूक टाळण्यासाठी झाला, ती आज चष्मा, बूट, ओठांची लाली आणि सोफे विकण्याच्या कामी लागली आहे. यात वाईट काही नाही, पण उगम लक्षात ठेवावा.

घरसामानाच्या बाबतीत स्वीडनच्या इकिया कंपनीची वाटचाल बोलकी आहे. २०१३ मध्ये तिने आपल्या छापील कॅटलॉगचाच उपयोग मापासाठी केला. पुस्तक जमिनीवर ठेवायचे आणि फोनमधून त्याकडे पाहायचे. पुस्तकाचा आकार ठाऊक असल्याने त्याच्या हिशेबाने खुर्ची किती मोठी दाखवायची हे फोनला कळे. २०१७ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या फोनमध्ये या तंत्राची सोय केल्यावर पुस्तकाची गरज उरली नाही. त्या वर्षीच्या इकियाच्या नव्या अ‍ॅपमध्ये सुमारे २,००० वस्तू होत्या, आणि त्यांचे माप ९८ टक्के अचूक दिसते असे कंपनीने सांगितले होते. पुढे डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने सत्तर वर्षे चाललेला तो छापील कॅटलॉगच बंद करत असल्याचे जाहीर केले. गंमत अशी की त्याच महिन्यात नवी मुंबईत तुर्भे येथे तिचे भव्य दुकान उघडले आणि आपल्याकडची माणसे गाड्या करून ते पाहायला जाऊ लागली.

आता ही किमया चालते कशी? मुलीने सांगितले ते मी माझ्या पद्धतीने समजून घेतले. फोनचा कॅमेरा खोलीतील ठळक ठिपके हेरतो: फरशीच्या नक्षीचा कोपरा, सांध्याची रेघ, खुर्चीच्या पायाची कड. फोन हलवला की तेच ठिपके वेगळ्या कोनातून दिसतात. फोन किती हलला हे त्याच्या पोटातील सूक्ष्म उपकरणे सांगतात. दोन जागांमधील अंतर आणि दोन्हीकडून दिसणारा कोन माहीत असला की तिसऱ्या ठिकाणाचे अंतर काढता येते. शाळेत शिकलेला त्रिकोणच हा! १८०२ साली मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून लॅम्बटनने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ केला, तो याच तत्त्वावर. त्याला साखळ्या, अवजड दुर्बिणी आणि माणसांचा तांडा लागला. येथे ते काम खिशातील यंत्र क्षणात करते, याचे कौतुक न वाटण्याइतका मी अजून निबर झालेलो नाही.

ठिपके हेरण्याच्या या सवयीमुळे एक मजेदार गोष्ट घडली. मुलाच्या पुण्यातील फ्लॅटमध्ये गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स आहेत. त्यांवर पकडायला काहीच नसल्याने फोन गांगरे, आणि टेबल जमिनीपासून वीतभर वर तरंगताना दिसे. आमच्या सांगलीच्या फरशीवर मात्र, जिला मुले 'जुनाट' म्हणतात, वस्तू अगदी घट्ट बसत. नक्षी कामी आली! प्रकाशाचेही तसेच. आईचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकल्यावर, दिवे लावण्याआधीच्या अंधुक वेळी, सोफा थरथरू लागला आणि बघता बघता भिंतीत शिरला. माझ्या साध्या फोनवर दुसऱ्या एका विक्रेत्याचे अ‍ॅप उघडून पाहिले, तेव्हा झोपाळ्यावर बसलेल्या आईच्या पायांवरच कपाट येऊन उभे राहिले. पुढे काय आणि मागे काय, हे त्या फोनला उमगत नव्हते. महागड्या फोनमध्ये अंतर मोजणारे वेगळे उपकरण असते, त्यात हा दोष बराच कमी होतो.

मापाविषयी एक हिशेब मांडतो, सवयच आहे. ९८ टक्के अचूकता म्हणजे उत्तमच. पण आठ फुटांच्या सोफ्यात दोन टक्के म्हणजे जवळजवळ दोन इंच. बँकेत तारणाची किंमत ठरली की त्यातून आम्ही मार्जिन वजा करत असू. पंचवीस टक्के मार्जिन म्हणजे शंभराच्या मालावर पंचाहत्तर रुपये कर्ज. डोळ्यांना दिसले ते सगळेच्या सगळे धरायचे नाही, हा त्यामागचा शहाणपणा. येथेही मोजपट्टीने माप घेऊन वर चार इंच सोडणे इष्ट. शिवाय हे अ‍ॅप वस्तू खोलीत थेट बसवून दाखवते. ती जिन्याच्या वळणावरून वर येईल का, दारातून आडवी शिरेल का, हमालांना ती तिरपी करता येईल का, हे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचे. सागवानाचा स्पर्श, गादीचा मऊपणा, कापडाचा पोत, उन्हाळ्यात त्यावर बसल्यावर पाठीला येणारा घाम, यांपैकी काहीही पडद्यावर कळत नाही.

जुन्या वाचकांना आठवत असेल, पूर्वी सुतार घरी येऊन काम करत. आमच्या लहानपणी पलंग करायचा ठरला तेव्हा मिस्त्रींनी खोलीत खडूने फरशीवर पलंगाचा आकार आखला होता. त्या चौकोनाभोवती सारे घर जमले. वडिलांनी उशी कोणत्या बाजूला यावी ते सांगितले. आईने काय करावे? ती पाण्याची घागर कमरेवर घेऊन आली आणि त्या खडूच्या रेघेला पाय न लावता मोरीकडे जाऊन परत आली. कोपरावर घागर भिंतीला घासली. "सहा इंच कमी करा," एवढेच तिने मिस्त्रींना सांगितले, आणि पलंग सहा इंच आखूडच झाला. वडिलांचे पाय पुढे आयुष्यभर पलंगाच्या कडेपर्यंत पोचत राहिले, त्याबद्दल ते अधूनमधून कुरकुरत. पण आई घरात दिवसातून पन्नास वेळा त्या वाटेने जाई आणि वडील रात्री एकदाच झोपत, तेव्हा मला आईचेच गणित बरोबर वाटते.

खडूच्या रेघेत आणि फोनमधल्या सोफ्यात मला एक मोठा फरक जाणवला. खडूची रेघ पाहून कोणालाही पलंगाचा मोह पडत नाही. ती कोरडी असते. पडद्यावरचा सोफा मात्र झळाळतो. त्याच्यावर आपल्याच खिडकीतले ऊन पडल्यासारखे वाटते, शेजारी आपलीच तसबीर असते. अर्थशास्त्रात याला धरून काही काम झाले आहे. रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या लेखी वाढते. पुढे १९९० मध्ये थेलर, कानेमान आणि नेच यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले. ज्यांच्या हाती मग होता त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत, घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या जवळपास दुप्पट होती. २००९ मध्ये जोआन पेक आणि सुझन शू यांनी याहून पुढची गोष्ट मांडली. वस्तूला नुसता हात लावला, किंवा ती आपल्या घरी आहे अशी मनात कल्पना केली, तरी ती आपली असल्याची भावना वाढीस लागते. फोन ही कल्पना करण्याचे कष्टही आपल्याला घेऊ देत नाही. तो ती करूनच देतो. दोन दिवस मुलगी तो सोफा दाखवत होती. तिसऱ्या दिवशी तिने फोन बाजूला ठेवला, तेव्हा सौ. म्हणाल्या, "हॉल कसा ओकाओका वाटतोय." पन्नास वर्षे न वाटलेली उणीव दोन दिवसांत निर्माण झाली होती!

आणि त्या सोफ्याच्या अगदी खालीच, अंगठ्याच्या टप्प्यात, हप्त्याचे बटण असते. ज्या काळी मी शाखेत गृहोपयोगी वस्तूंसाठी कर्जे देत असे, त्या काळी ग्राहकाला दुकानातून कोटेशन आणावे लागे, पगाराचा दाखला आणावा लागे, जामीनदाराची सही घ्यावी लागे. त्यात आठवडा जाई. लोक आम्हाला शिव्या देत, त्या रास्तही होत्या. पण त्या आठवड्यात काही अर्ज परत येतच नसत. पती-पत्नी घरी बसून बोलत, थोरल्या भावाचा सल्ला घेतला जाई, आणि फ्रीज पुढच्या वर्षावर ढकलला जाई. दिरंगाई कोणी मुद्दाम केलेली नसे, पण तिने विचाराला जागा मिळे. आता पाहणे, आवडणे आणि देणे यांत श्वास घेण्याइतकेही अंतर उरलेले नाही. 'शून्य टक्के व्याज' या शब्दांविषयी तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की अशी काही गोष्ट अस्तित्वातच नसते. व्याज कोठेतरी असतेच. कधी सुटलेल्या सवलतीत, कधी प्रक्रिया शुल्कात. आज 'नो कॉस्ट' म्हणून जे हप्ते दिले जातात त्यांतही बऱ्याचदा व्याजाइतकी रक्कम सवलत म्हणून आधी वजा केलेली असते, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्या कार्डावर चढतो. ज्यांना विश्वास वाटत नाही त्यांनी पुढच्या महिन्याचे विवरणपत्र काढून पाहावे.

हे सारे म्हणत असलो तरी या तंत्राला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही, आणि त्याचे कारण आमच्या घरी घडलेली पुढची हकीकत.

सोफा ठेवायचा तर झोपाळा काढावा लागणार होता. माझा त्याला विरोध होता. वडील त्याच्यावर बसून रोजचे जमाखर्च लिहीत. त्याच्या पितळी कड्यांचा कुरकुर आवाज ही माझ्या लेखी घराची ओळख आहे. आईचे वय शहाऐंशी, दिवसाचा निम्मा वेळ ती त्यावर बसलेली, तेव्हा तिच्यासाठी तरी तो राहिलाच पाहिजे असे मी मुलीला निक्षून सांगितले. मुलीने वाद घातला नाही. तिच्या फोनवर एक नवी सोय होती. अमेरिकेत इकियाने ती २०२२ मध्ये आणली. खोलीची छायाचित्रे घेतली की त्यांतले असलेले सामान बोटाने पुसून टाकता येते, आणि त्या जागी मागची भिंत व फरशी भरली जाते. नवे सामान मांडायला मोकळी जागा मिळावी, हा त्यामागचा व्यापारी हेतू. मुलीने झोपाळा पुसला. कड्या गेल्या, फळी गेली. खुर्च्या गेल्या, कोपऱ्यातले टेबल गेले. नवा सोफा मांडण्यापूर्वी तिने फोन आजीला दाखवला.

आईने चष्मा लावला. बराच वेळ पाहिले.

"पोरी, एवढं मोकळं होतं होय गं हे?"

"हो आजी. आता इथे सोफा ठेवून दाखवते."

"नको. असंच राहू दे की."

मी म्हटले, "आई, तुझा झोपाळा आहे तो."

"माझा कुठला? तुझ्या बाबांचा." मग थोड्या वेळाने, फोनवरची नजर न काढता, "पाय टेकत नाहीत रे आता. उठायला लागले की तो मागं जातो आणि मी पुढं. रोज भ्या वाटतं. पण तुम्हाला आवडतो म्हणून बसते."

त्यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. सौ. आत चहा ठेवायला गेल्या.

त्यानंतर मी माझी जुनी पाहणी सुरू केली. सोफ्याची मापे अ‍ॅपमध्ये दिलेली होतीच. तेवढ्या आकारात आम्ही फरशीवर जुनी वर्तमानपत्रे पसरली आणि कडेला चिकटपट्टी लावली. आईच्या खोलीपासून न्हाणीघराकडे जाणारी वाट हॉलमधून जाते. तिच्या वॉकरची रुंदी मोजली, ती तेवीस इंच. सोफ्याचा कोपरा आणि भिंत यांच्यात सव्वीस इंच उरत होते. सरळ जायला पुरेसे. पण तेथेच वळावे लागते, आणि वळताना वॉकर तिरपा होतो. आई दोनदा गेली. दोन्ही वेळा वॉकरचा पाय वर्तमानपत्रावर चढला. सोफा त्या कोपऱ्यात पडद्यावर फार देखणा दिसत होता, हे मान्य केले पाहिजे. मुलीनेच तो खरेदीच्या यादीतून काढला. फोनवर मांडून पाहिल्याखेरीज त्याचा विचार इतका पुढे गेला नसता हे खरे, पण मांडून पाहिल्याखेरीज तो आणला गेला असता तर परत पाठवण्याचा व्याप किती झाला असता, हेही तितकेच खरे. आणि झोपाळा पुसलेला हॉल आईने पाहिला नसता, तर ती तशीच त्यावर बसत राहिली असती, भीत भीत, आमच्या आवडीसाठी.

झोपाळा आम्ही उतरवला. फळी पुसून, तेल लावून माळ्यावर ठेवली आहे. मुलाने पुण्याला न्यायची तयारी दाखवली आहे, पण तेथील गृहनिर्माण संस्थेच्या छताला तो पेलेल का याची चौकशी चालू आहे. पाहुण्यांसाठी हात असलेल्या दोन लाकडी खुर्च्या घेतल्या, बैठक अठरा इंच उंचीची, म्हणजे आईला उठताना हातांवर जोर देता येतो. त्या मात्र दुकानात जाऊन, आईला बसवून, उठवून, पुन्हा बसवून घेतल्या. दुकानदार कंटाळला असेल.

सर्वांत गरजेची वस्तू होती ती भिंतीलगत धरून चालण्याची दांडी. ती मुलीच्या त्या अ‍ॅपमध्ये शोधूनही मिळाली नाही. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावले. त्याने आईला भिंतीशी उभे केले, हात सहज टेकेल तेथे खूण केली आणि स्टेनलेस स्टीलच्या दीड इंची पाइपाची चौदा फूट दांडी तीन दिवसांत बसवून दिली. सकाळी देवदर्शनाहून मी परत येतो तेव्हा आई तिला धरून फेऱ्या मारत असते. किती झाल्या ते बोटांवर मोजते, आणि मध्येच कोणी बोलले तर पहिल्यापासून मोजते.

छताला झोपाळ्याचे दोन हूक अजून आहेत. ते काढायला गेल्यास भोवतालचा गिलावा पडेल, असे गवंड्याचे म्हणणे पडले, म्हणून तसेच ठेवले आहेत.